जीडीबीला दुसऱ्या प्रोसेसची रजिस्टरं दिसतात तरी कशी?

तुम्ही विचारलंय की जीडीबी हा डीबगर, म्हणजे दुसरा प्रोग्राम थांबवून आतून तपासायचं साधन, हाही शेवटी एक प्रोग्रामच, तोही त्याच प्रोसेसरवर चालतो. ‘इन्फो रजिस्टर्स’ टाइप करून एंटर दाबता त्या क्षणी रजिस्टरांत, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणखणांत, जीडीबीचेच आकडे असणार. मग दुसऱ्या प्रोसेसचे आकडे त्याला मिळतात कुठून, आणि ‘सेट’ने बदललेला आकडा जातो कुठे? शंका अगदी बरोबर आहे. मलाही ती बरीच वर्षं होती, फक्त विचारायची लाज वाटायची.

जीडीबी प्रोसेसरमधल्या त्या रजिस्टरांना हातच लावत नाही. तो वाचतो ती कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, मेमरीत ठेवलेली नक्कल, आणि लिहितो तेही त्या नकलेवरच.

ही नक्कल डीबगरसाठी मुद्दाम काढलेली नसते. कुठलीही प्रोसेस कर्नलमध्ये शिरते, मग ती सिस्टम कॉलमुळे (कर्नलकडे केलेल्या विनंतीमुळे) शिरो, टायमरच्या इंटरप्टमुळे की ब्रेकपॉइंटवर (डीबगरने लावलेल्या थांब्यावर) आदळून, दारातच तिची रजिस्टरं त्या थ्रेडच्या कर्नल स्टॅकवर उतरवली जातात. परतताना तिथूनच उचलून पुन्हा प्रोसेसरमध्ये भरली जातात. लिनक्समध्ये या गठ्ठ्याला ‘पीटी रेग्ज’ म्हणतात. ६४-बिट इंटेल-एएमडी प्रोसेसरवर त्यात ८ बाइटचे २१ खण असतात, म्हणजे १६८ बाइट. डीबगर असो वा नसो, हे सतत चालूच असतं. डीबगर एवढंच करतो की आत आलेल्या प्रोसेसला तिथेच थांबवून ठेवायला कर्नलला सांगतो, आणि ती बाहेर पडायच्या आत खणांतले आकडे पाहतो किंवा बदलतो. परतताना खणात जे असेल ते कर्नल भरतो. प्रोसेसला पत्ताही लागत नाही.

म्हणून समोरची प्रोसेस थांबलेली असणं ही पहिली अट. ती चालू असताना रजिस्टरं मागितली तर कर्नल ‘अशी प्रोसेसच नाही’ अशा अर्थाची चूक परत करतो. प्रोसेस तर ‘टॉप’ दाखवतो त्या चालू प्रोसेसच्या यादीत डोळ्यांसमोर दिसत असते! नवखा माणूस इथे हमखास तासभर घालवतो. जोडून घेतल्यावर आधी ‘वेटपिड’ या कॉलने ती खरंच थांबल्याची खात्री करायची, मग पुढचं.

हे सगळं ज्या सिस्टम कॉलमधून होतं तो ‘पीट्रेस’. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत, म्हणजे १९७५ साली तो आला आणि त्याची मूळ घडण अजून तशीच आहे: एकच कॉल, पहिल्या आर्ग्युमेंटमध्ये विनंतीचा प्रकार. जुनी पद्धत ‘पीकयूजर’ आणि ‘पोकयूजर’ची. यात एका वेळी एकच शब्द, म्हणजे ६४-बिट मशीनवर ८ बाइट, वाचता किंवा लिहिता येतात. ‘यूजर’ नावाच्या स्ट्रक्चरमध्ये हवं ते रजिस्टर किती अंतरावर आहे ते सांगायचं. गंमत म्हणजे आजच्या लिनक्सच्या मेमरीत तसं स्ट्रक्चर कुठेच नसतं. ते फक्त एक नकाशा आहे. तुम्ही दिलेलं अंतर पाहून कर्नल खरा खण शोधतो. आणखी एक खोच: सी लायब्ररीत पीक करणारा कॉल वाचलेली किंमतच परत करतो. मग उणे १ आलं तर ती चूक की रजिस्टरमध्येच उणे १ होता? त्यासाठी कॉलच्या आधी, झालेल्या चुकीची नोंद ठेवणारा ‘एरनो’ शून्य करून ठेवायचा आणि नंतर तपासायचा.

एकेक शब्द ओढणं कंटाळवाणं, म्हणून ‘गेटरेग्ज’ आणि ‘सेटरेग्ज’ आले. ६४-बिट इंटेल-एएमडीवर एका फटक्यात २७ खण, २१६ बाइट हातात येतात. वर २१ म्हटलं आणि इथे २७, हे कसं? उरलेले ६ म्हणजे डीएस, ईएस, एफएस, जीएस ही सेगमेंट रजिस्टरं आणि एफएस-जीएसचे दोन बेस (सुरुवातीचे पत्ते). ते कर्नल स्टॅकवर नसतात, थ्रेडच्या वेगळ्या नोंदीत असतात. कर्नल दोन्हीकडून गोळा करून एकच यादी देतो. एकच रजिस्टर बदलायचं असलं तरी जीडीबी आधी पूर्ण यादी वाचतो, त्यातला एक आकडा बदलतो आणि पूर्ण यादी परत लिहितो.

पण एव्हीएक्ससारख्या रुंद व्हेक्टर रजिस्टरांचा आकार प्रोसेसरगणिक बदलतो. तिथे ठरावीक मापाचं स्ट्रक्चर चालत नाही. म्हणून लिनक्स २.६.३४ मध्ये ‘गेटरेगसेट’ आला. त्याला कुठला संच हवा त्याचा क्रमांक आणि तुमच्या बफरची लांबी द्यायची. प्रत्यक्षात किती बाइट भरले ते कर्नल लांबीच्याच जागी लिहून कळवतो. हे संचांचे क्रमांक म्हणजे कोअर फाइलमधल्या (कोसळलेल्या प्रोसेसची मेमरी आणि रजिस्टरं जपून ठेवलेल्या फाइलमधल्या) नोट्सचेच क्रमांक. मेलेल्या प्रोसेसची कोअर फाइल उघडली काय किंवा जिवंत प्रोसेस धरली काय, जीडीबीला रजिस्टरं जवळपास त्याच साच्यात मिळतात. ६४-बिट एआरएमवर तर जुना गेटरेग्ज नाहीच, गेटरेगसेटच वापरावा लागतो.

आता लिहिण्याबद्दल, कारण खरे चटके तिथे बसतात.

पहिली गोष्ट, कर्नल आंधळेपणाने काहीही लिहू देत नाही. फ्लॅग्जच्या रजिस्टरमधले ठरावीक बिटच बदलता येतात, आणि सेगमेंट रजिस्टरमध्ये युजर पातळीचा नसलेला सिलेक्टर घालायला गेलात तर चूक येते. येणारच, नाहीतर परतीच्या वाटेवर कोणीही स्वतःला कर्नलचे अधिकार देऊन घेतले असते.

दुसरी गोष्ट ब्रेकपॉइंटची. इंटेल-एएमडीवर ब्रेकपॉइंट म्हणजे मूळ सूचनेचा पहिला बाइट काढून तिथे हेक्स सीसी ठेवणं. तो बाइट चालून गेल्यावरच ट्रॅप होतो, म्हणजे प्रोसेस कर्नलमध्ये शिरते, म्हणून खणातला आरआयपी, म्हणजे पुढच्या सूचनेचा पत्ता, एक बाइट पुढे गेलेला असतो. डीबगरने मूळ बाइट परत ठेवला पण आरआयपी एकने मागे घेतला नाही, तर प्रोसेस अर्ध्या सूचनेपासून पुढे चालू लागते. ६४-बिट एआरएमवर ही भानगड नाही, तिथे पीसी (आरआयपीचंच तिथलं नाव) ब्रेकपॉइंटच्या सूचनेवरच थांबतो.

तिसरी गोष्ट मी स्वतः दोन दिवस घालवून शिकलो. हौस म्हणून एक छोटा डीबगर लिहीत होतो. चालत्या प्रोसेसला जोडायचं, आरआयपीमध्ये तिच्याच एका फंक्शनचा पत्ता घालायचा, आरडीआय या रजिस्टरमध्ये आर्ग्युमेंट, आणि सोडून द्यायचं. प्रोसेस आकडेमोडीत गुंतलेली असली की सगळं सुरळीत चाले. कीबोर्डवरच्या इनपुटची वाट पाहत ‘रीड’मध्ये बसलेली असली की मात्र लगेच कोसळे. कोसळण्याचा पत्ता पाहिला तर मी दिलेल्या पत्त्याच्या बरोबर दोन बाइट आधी. दोनच का?

कारण असं. अडकलेला रीड मध्येच तोडला की कर्नल आरएएक्समध्ये, म्हणजे कॉलचं उत्तर मिळतं त्या रजिस्टरमध्ये, उणे ५१२ ठेवतो. हा त्याचा आतला निरोप असतो: ‘हा कॉल पुन्हा करायचाय’. कुठला कॉल, ते ‘ओरिग आरएएक्स’ नावाच्या खणात असतं. प्रोसेस सोडताना कर्नल हे दोन्ही बघतो आणि कॉल नव्याने व्हावा म्हणून आरआयपी दोनने मागे घेतो, कारण ‘सिसकॉल’ ही सूचनाच दोन बाइटची आहे. मधल्या वेळात मी आरआयपी बदललाय हे त्याला काय माहीत! त्याने माझ्या नव्या पत्त्यातून दोन वजा केले. उपाय एका ओळीचा: आरआयपी बदलताना ओरिग आरएएक्समध्ये उणे १ लिहायचा, म्हणजे ‘आपण सिस्टम कॉलमध्ये नव्हतोच’ असं कर्नलला सांगितल्यासारखं होतं. जीडीबी हेच करतो. नंतर त्याच्या सोर्समध्ये ती ओळ सापडली तेव्हा आधी हसू आलं, मग राग. यापुढे झोपलेल्या प्रोसेसला जोडल्यावर आरएएक्समध्ये शेवटी ‘एफई००’ असणारा विचित्र मोठा आकडा दिसला तर घाबरू नका, तो हाच उणे ५१२.

आणखी एक गैरसमज राहतो. जीडीबीमध्ये ‘फ्रेम २’ करून, म्हणजे बोलावणाऱ्या फंक्शनच्या पातळीवर जाऊन, रजिस्टरं पाहिलीत तर ती कर्नलकडून आलेली नसतात. कर्नलकडे फक्त सर्वांत आतल्या फ्रेमची असतात. वरच्या फ्रेमची जीडीबी ड्वार्फ या डीबग माहितीच्या साच्यातल्या अनवाइंड (एकेक फ्रेम मागे कसं जायचं त्या) माहितीवरून, स्टॅकवर जतन केलेल्या किमती शोधून जुळवतो. तिथे आरबीएक्स बदललात तर बहुधा रजिस्टर नाही, स्टॅकवरची मेमरी बदलते. आणि आरएएक्स किंवा आरसीएक्ससारखी, बोलावलेल्या फंक्शनला मोडायची मुभा असलेली रजिस्टरं वरच्या फ्रेममध्ये जे दाखवतात त्यावर विश्वास ठेवू नये.

लिनक्सबाहेर कल्पना हीच, दरवाजे वेगळे. फ्रीबीएसडीवर पीट्रेसच आहे, नावं थोडी निराळी. सोलॅरिसवर ‘प्रॉक’ या डिरेक्टरीतल्या फाइली वाचून आणि कंट्रोल फाइलीत हुकूम लिहून हे काम होतं, आणि मला तीच रचना सर्वांत देखणी वाटते. मॅकओएसवर पीट्रेस नावाला आहे पण त्यातून रजिस्टरं मिळत नाहीत. तिथे माक कर्नलचे ‘थ्रेड गेट स्टेट’ आणि ‘थ्रेड सेट स्टेट’ वापरावे लागतात.

स्वतः पाहायचं असेल तर एखाद्या छोट्या प्रोग्रामवर जीडीबी चालवा, पण तो जीडीबी ‘स्ट्रेस’ या सिस्टम कॉल नोंदवणाऱ्या साधनाखाली सुरू करा आणि स्ट्रेसला फक्त पीट्रेसचे कॉल फाइलमध्ये लिहायला सांगा. ‘इन्फो रजिस्टर्स’ लागोपाठ दोनदा करून बघा: दुसऱ्या वेळी फाइलीत नवं काही येणार नाही, कारण प्रोसेस हलेपर्यंत जीडीबी जुनेच आकडे जपून ठेवतो. मग एखादं रजिस्टर बदला, लगेच सेटरेग्ज दिसेल. स्ट्रेसला मुलांचा (चाइल्ड प्रोसेसचा) पाठलाग करायला लावणारा ‘एफ’ पर्याय मात्र देऊ नका. स्ट्रेसही पीट्रेसच वापरतो, एका प्रोसेसला एका वेळी एकच धरणारा चालतो, आणि जीडीबीच्या हाती काही लागणार नाही.