मासळीची विचारपूस : फार्मचा सॅमन खावा की नाही?

रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात मी शिकले. गेली चौदा वर्षं नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर एका सॅमनच्या कारखान्यात मासळीची प्रत तपासायचं काम करते आहे. या महिन्यात सॅमनवरच तीन पत्रं आली, म्हणून सदर त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न : लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिन्यांकरता स्टाव्हांगरला आले आहे. तिला सहावा महिना आहे. ती आठवड्यातून तीनदा सॅमन खाते, कधी शिजवून तर कधी पावावर थंड धुरी दिलेला. गावाहून जावेने व्हिडिओ पाठवलाय, की फार्मचा सॅमन विषारी असतो, त्याला रंग लावतात आणि अँटिबायोटिक देऊन वाढवतात. लेक म्हणते डॉक्टरांनीच मासे खायला सांगितलेत. मला रात्री झोप लागत नाही. खरं काय ते सांगा.

काकू, आधी धुरीच्या सॅमनचं बोलू या, कारण तुमच्या पत्रातली ताबडतोब थांबवायची गोष्ट तीच आहे. व्हिडिओत तिचा उल्लेखही नसेल. थंड धुरी दिलेला सॅमन शिजलेला नसतो. त्यात लिस्टेरिया नावाचा जिवाणू असू शकतो आणि तो फ्रीजच्या थंडीतही वाढत राहतो. धडधाकट माणसाला बहुधा काही होत नाही, पण गरोदर बाईला आणि पोटातल्या बाळाला तो फार घातक ठरू शकतो. हवाबंद पाकिटातला धुरीचा सॅमन, मीठ-साखरेत मुरवलेला ग्रावलाक्स आणि आंबवलेला राकफिस्क गरोदरपणी टाळा, असं इथलं अन्न सुरक्षा खातंही सांगतं. बाळंतपण होईपर्यंत हे तिन्ही बंद ठेवा. तोवर कच्ची सुशीही नको, असं माझं मत. शिजवलेला सॅमन मात्र खुशाल खाऊ द्या.

आता विषाचं. हे पूर्ण खोटं असतं तर मी एका ओळीत मोकळी झाले असते. २००४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास छापून आला. फार्मच्या, म्हणजे समुद्रातल्या जाळ्यांत पाळून वाढवलेल्या सॅमनमध्ये डायॉक्सिन आणि पीसीबी ही घातक रसायनं रानटी सॅमनपेक्षा जास्त सापडली, आणि त्यातही युरोपातल्या माशांत अधिक. ती येत होती खाद्यातून. तेव्हा सॅमनला मुख्यतः लहान माशांची भुकटी आणि माशांचं तेल घालत, आणि समुद्रातली ही रसायनं माशाच्या चरबीत साठतात.

पुढे खाद्यच बदललं. १९९० च्या सुमाराला नॉर्वेतल्या खाद्याचा सुमारे ९० टक्के भाग समुद्रातून यायचा, आता तो पाव हिश्शाच्याही खाली आलाय. बाकीचं सोयाबीन, गहू आणि रेपसीडचं तेल. रेपसीड म्हणजे आपल्या मोहरीच्या कुळातलं पीक. त्यामुळे डायॉक्सिन बरंच कमी झालं, पण ज्या ओमेगा-३ साठी डॉक्टर मासे खायला सांगतात तेही घटलं. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठाने तिथल्या सॅमनची तपासणी केली, तेव्हा २००६ ते २०१५ या काळात ते जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं. निम्मं होऊनही ते इतर बऱ्याच माशांपेक्षा जास्त आहे.

पण म्हणून रोज उठून सॅमन खावा असंही नाही. डायॉक्सिन आठवड्याला किती चालेल याची युरोपातली मर्यादा २०१८ मध्ये शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १४ पिकोग्रॅमवरून (पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग) थेट २ वर आणली गेली. इथल्या आरोग्य खात्याचा सल्ला असा, की आठवड्याला एकूण ३०० ते ४५० ग्रॅम मासे खावेत, त्यातले निदान २०० ग्रॅम तेलकट. लेकीला दोनदा सॅमन आणि एकदा कॉड द्या. कधी सॅमनऐवजी इथला माक्रेल आणा. तो आपल्या बांगड्याचाच भाऊबंद. तिखलं करा, तिरफळ आणलं असेल तर दोन घाला, लेक खूश होईल.

पाऱ्याची धास्ती सॅमनच्या बाबतीत धरू नका, त्यात पारा कमीच असतो. उलट आपल्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी आवर्जून घालतात, तिथे विचार करायला हवा. मुशी म्हणजे शार्कच, आणि मोठ्या मुशीत पारा साठत जातो. माझ्या आजीने माझ्या आईला घातली, आईने मला घातली. मी माझ्या वहिनीला नको म्हटलं, तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. तरी तुम्हालाही तेच सांगेन.

रंगाचं : मासा कापल्यावर त्याला कोणी रंग फासत नाही. खाद्यात अॅस्टाझँथिन घालतात. आपली कोळंबी कालवणात पडली की लाल होते ना, तो हाच पदार्थ. रानटी सॅमन समुद्रात जवळ्यासारखे बारीक जीव खातो आणि त्यातून त्याला हा रंग मिळतो. फार्मच्या माशाला तो गोळी-खाद्यातून देतात, नाहीतर मांस फिकट राखाडी राहील. माझ्या टेबलावर रंगांच्या पट्ट्यांचा एक पंखा असतो, २० ते ३४ आकडे घातलेला. तुकडीशेजारी धरायचा, रंग जुळेल तो आकडा लिहायचा. ताजेपणाशी या आकड्याचा काही संबंध नाही. लाल दिसतो म्हणून चांगला असं समजून गिऱ्हाईक जादा पैसे मोजतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

अँटिबायोटिकच्या बाबतीत देश बघावा लागतो. नॉर्वेत १९८७ साली माशांना जवळपास ५० टन अँटिबायोटिक दिलं गेलं होतं. मग लसी आल्या. आता प्रत्येक पिल्लाला समुद्रात सोडण्याआधी पोटात सुई टोचतात. आज वर्षाला सुमारे १५ लाख टन सॅमन निघतो आणि अँटिबायोटिक एक टनही लागत नाही. चिलीत मात्र वर्षाला शेकडो टन लागतं, कारण तिथे माशांना होणाऱ्या एका जिवाणूजन्य रोगावर पुरेशी चालणारी लस अजून हाती आलेली नाही. म्हणून पाकिटावर देशाचं नाव वाचत जा.

प्रश्न : ट्रॉनहाईममध्ये शिकतो. इथल्या बातम्यांत आलं की फार्ममधले लाखो मासे मरतात आणि जखमी मासे बाजारात जातात. ताई, तुम्ही आतल्या आहात. आजारी मासे आम्हाला विकतात का? तुम्ही स्वतः खाता का?

खाते, आठवड्यातून एकदा. माझी मुलंही खातात. पण तुझा प्रश्न वाचून मी बराच वेळ बसून राहिले.

लाखो नाही रे, कोटींत मरतात. इथल्या पशुवैद्यक संस्थेच्या अहवालाप्रमाणे २०२३ साली समुद्रातल्या जाळ्यांत ६ कोटी २८ लाख सॅमन मेले, म्हणजे शंभरातले जवळपास १७. हे मेलेले मासे माणसाच्या खाण्यात जात नाहीत. ते दळून आम्लात मुरवतात आणि त्यातलं बरंच बायोगॅसला जातं. जखमी पण जिवंत आलेल्या माशाचा नियम वेगळा. असा मासा अख्खा विकता येत नाही, नॉर्वेबाहेर तर नाहीच. इथेच त्याचा जखमेचा भाग कापून काढायचा आणि उरलेल्या चांगल्या मांसाचे काप करून विकायचे. नियम पाळला तर खाणाऱ्याला त्यातून धोका नाही.

२०२४ च्या सुरुवातीचे महिने मी विसरणार नाही. त्या हिवाळ्यात माळेसारखे लांबलचक जेलीफिश किनाऱ्याला लागले होते. त्यांच्या डंखाने कातडी भाजते आणि त्यात थंड पाण्यातला मोरिटेला नावाचा जिवाणू शिरतो. कारखान्याच्या सरकत्या पट्ट्यावरून मासे यायचे तेव्हा कुशीवर रुपयाएवढी गोल जखम असायची, कडा लाल, मध्ये खवले गेलेले आणि पांढरं मांस उघडं. एक मासा बघायला मला काही सेकंदच मिळतात. हातमोजा घातलेला अंगठा जखमेशेजारी दाबायचा, घट्ट असेल तर डावीकडे, जखम कापून काढायच्या ढिगात, मऊ असेल तर बाद. काही दिवस डावीकडचा ढीग उजवीकडच्या चांगल्या माशांपेक्षा मोठा व्हायचा. घरी आल्यावर हाताचा वास जायचा, डोळ्यांसमोरची कूस जात नसे.

जेलीफिश हे एक कारण झालं. उवांचं दुखणं मात्र बारमाही आहे. सॅमनला समुद्री उवा लागतात आणि त्या कातडी खातात. सरकारी मर्यादा मोठी कडक, माशामागे सरासरी अर्धी प्रौढ मादी ऊ. त्या मर्यादेत राहायला मासे उपसून ३० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यातून अर्धा मिनिट काढतात. आठ-दहा अंशांत राहणारा मासा तो! तडफडतो, आपटतो, खवले जातात आणि आधीच अशक्त असलेला मरतो. २८ अंशांच्या वरचं पाणी माशाला वेदना देतं हे इथल्या अन्न सुरक्षा खात्याने २०१९ मध्येच सांगितलंय, तरी ही पद्धत चालू आहे. मला हे पटत नाही. आमच्या बैठकांत मी ते बोलते आणि इथेही लिहिते. तुझ्या ताटातला मासा सुरक्षित आहे, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. पण त्याच्यासोबत वाढलेल्या सहातल्या एकाचं काय झालं, हा प्रश्न गिऱ्हाइकाने दुकानात विचारायला हवा. दुकानदार आमच्या साहेबांना विचारतो, आणि साहेब दुकानदाराचं ऐकतात. आमच्या बैठकीत माझं तेवढं ऐकत नाहीत.

प्रश्न : पुण्यात हॉटेलच्या मेनूवर ‘इंडियन सॅमन’ लिहिलं होतं. तोच नॉर्वेचा का? आणि घरी सॅमन शिजवला की वर दह्यासारखं पांढरं येतं, ते काय?

‘इंडियन सॅमन’ म्हणजे आपला रावस. सॅमनशी त्याचं काहीच नातं नाही, इंग्रजांच्या काळापासून चिकटलेलं नाव आहे ते. रावस आपल्या खाडीतला आणि किनाऱ्यावरचा मासा, मांस पांढरं, कालवणात सुंदर लागतो. त्यासाठी सॅमनचे पैसे मात्र देऊ नका.

पांढरं येतं ते माशाचंच प्रथिन, अंड्याच्या पांढऱ्यासारखं. आच जास्त झाली की मांस आकसतं आणि ते बाहेर येतं. औषध नाही, चरबीही नाही. तुकडीला मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, पुसून घ्या, कातडीची बाजू खाली ठेवून मंद आचेवर भाजा. तेल घालू नका, त्याचं त्यालाच पुरे असतं. पुण्यात मिळतो तो लांबून आलेला, म्हणून घेताना बोट दाबून बघा. खड्डा तसाच राहिला, किंवा मांसाच्या पाकळ्या सुटून फटी पडल्या असतील, तर तो उतरलेला आहे. त्या दिवशी रावस घ्या, कल्ले लाल बघून.