वर्डमध्ये काढलेली आकृती दुसऱ्या कॉम्प्युटरवर विस्कटते. आकृत्या वर्डमध्येच काढाव्यात की बाहेरून चित्र आणून चिकटवावं?

तुम्ही लिहिलंय की दहावीच्या चाचणीसाठी भिंगाची किरणाकृती तुम्ही वर्डमध्ये काढली, घरी ती नीट दिसत होती आणि शाळेतल्या कॉम्प्युटरवर उघडली तेव्हा बाण एकीकडे, नावं दुसरीकडे. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि हे माझ्या बाबतीतही झालंय. मला ते कळलं तेव्हा प्रश्नपत्रिका मुलांच्या हातात होत्या. एक मुलगी उठून विचारायला आली, "बाई, ही वस्तू भिंगाच्या आत आहे का?" बाण सरकून भिंगावर जाऊन बसला होता. त्या दिवसापासून आकृतीच्या बाबतीत मी फार काटेकोर झाले.

माझं उत्तर असं की रेषांच्या आकृत्या (किरणाकृती, विद्युत परिपथ, अन्नसाखळी, प्रवाह तक्ता) वर्डमध्येच काढा. नेटवरून उचललेलं चित्र झेरॉक्सला पुसट होतं, त्यावरची नावं इंग्रजीत असतात, आणि पुष्कळदा आकृतीच चुकीची असते. मुख्य अक्षाला समांतर आलेला किरण नाभीतून न जाता तिच्या बाजूने जाताना मी अशा चित्रांत पाहिलाय. शिवाय स्वतः काढलेल्या आकृतीत पुढच्या वर्षी वस्तू सरकवून नवा प्रश्न करता येतो.

आधी विस्कटण्याचं कारण समजून घ्या. इन्सर्टमधून शेप काढला की तो पानावर तरंगता राहतो, पण आतून एखाद्या परिच्छेदाला बांधलेला असतो. शेप निवडल्यावर बाजूला छोटा नांगर दिसतो, ती ही गाठ. तुमच्या आकृतीत बारा रेघा असतील तर बारा गाठी असतात, आणि त्या वेगवेगळ्या परिच्छेदांना असू शकतात. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फॉन्ट वेगळा असला की ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात, परिच्छेद वरखाली होतात आणि प्रत्येक रेघ आपापल्या परिच्छेदामागे जाते.

यावर उपाय म्हणजे ड्रॉइंग कॅनव्हास. इन्सर्ट, मग शेप्स, आणि त्या यादीच्या अगदी तळाशी न्यू ड्रॉइंग कॅनव्हास. एक रिकामी चौकट येते. सगळं तिच्या आत काढा, नावांचे टेक्स्ट बॉक्ससुद्धा. मग चौकटीच्या कडेवर क्लिक करून रॅप टेक्स्टमध्ये इन लाइन विथ टेक्स्ट निवडा. आता ती अख्खी चौकट ओळीतल्या एखाद्या मोठ्या अक्षरासारखी वागते. मजकूर सरकला तर आकृती सरकेल, पण एकसंध सरकेल. आणखी एक फायदा म्हणजे अन्नसाखळीत दोन चौकटी जोडणारे कनेक्टर बाण कॅनव्हासच्या आतच शेपला चिकटतात. त्यांतली एक चौकट हलवली की बाण सोबत येतो.

आधीच काढून ठेवलेली आकृती वाचवायची असेल तर होम, सिलेक्ट, सिलेक्ट ऑब्जेक्ट्स घ्या, आकृतीभोवती माउसने चौकोन ओढा, राइट क्लिक करून ग्रुप करा आणि मग त्या ग्रुपला इन लाइन करा. क्रम हाच ठेवा, कारण ओळीत बसवलेल्या वस्तूंचा ग्रुप होत नाही.

आता तुमची किरणाकृती. इथे कळकळीने सांगते, नजरेने काढू नका, मापं टाकून काढा. शेप निवडला की फॉरमॅट टॅबच्या उजव्या टोकाला उंची आणि रुंदीचे दोन रकाने असतात. (तिथे इंच दिसत असतील तर ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये एकक सेंटिमीटर करून घ्या.) समजा नाभीय अंतर २ सेंमी धरलं आणि वस्तू त्याच्या दुप्पट अंतरावर, म्हणजे ४ सेंमीवर ठेवली, वस्तूची उंची १.५ सेंमी. मुख्य अक्षाची आडवी रेघ १० सेंमीची काढा. प्रकाशीय केंद्रातून न वळता जाणारा किरण म्हणजे डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ, रुंदी ८, उंची ३. भिंगाची उंची ४ सेंमी (भिंग कसं काढायचं ते पुढे सांगते). ही तिन्ही एकत्र निवडून अलाइनमध्ये आधी अलाइन सेंटर, मग अलाइन मिडल करा. तिन्हींचे मध्यबिंदू एकावर एक येतात, आणि तेच तुमचं प्रकाशीय केंद्र. तिरक्या किरणाच्या वरच्या टोकापासून अक्षापर्यंत १.५ सेंमीचा उभा बाण म्हणजे वस्तू, खालच्या टोकाशी तेवढाच उलटा बाण म्हणजे प्रतिमा.

नाभी दाखवायला ४ सेंमीची एक तात्पुरती आडवी रेघ तशीच मध्यात बसवा, तिच्या दोन्ही टोकांवर टिंबं द्या आणि रेघ पुसून टाका. शेवटी दुसरा किरण. वस्तूच्या टोकापासून भिंगाच्या मध्यरेषेपर्यंत ४ सेंमीची आडवी रेघ, तिथून पुढे ४ रुंद आणि ३ उंच अशी उतरती रेघ. ती उजवीकडच्या टिंबातून गेली पाहिजे आणि प्रतिमेच्या टोकाला मिळाली पाहिजे. मिळाली की आकृती बरोबर आहे याची खात्री झाली. मला या क्षणी अजूनही आनंद होतो, भूमितीने स्वतःच साक्ष दिल्यासारखं वाटतं.

भिंगाचा आकार मात्र वर्डमध्ये नीट जमत नाही. लंबगोल घेतला तर टोकं गोल येतात. पॉवरपॉइंटमध्ये (२०१३ किंवा त्यापुढच्या) १० सेंमी व्यासाची दोन वर्तुळं काढून ती ०.८ सेंमी एकमेकांवर चढवा, दोन्ही निवडा आणि मर्ज शेप्समधलं इंटरसेक्ट वापरा. टोकदार, जवळपास ४ सेंमी उंच बहिर्वक्र भिंग मिळतं. उंची नेमकी ४ करून ते कॉपी करा आणि कॅनव्हासमध्ये आणा.

रेघा ओढताना शिफ्ट दाबून ठेवली की रेघ सरळ आणि वर्तुळ नेमकं गोल येतं. बारीक सरकवायला कंट्रोल दाबून बाणाच्या कळा वापरा. वर्ड आपणहून निळा रंग भरतं, तो झेरॉक्सवर काळपट डाग होतो. म्हणून पहिल्याच शेपला नो फिल आणि १ पॉइंटची काळी रेघ द्या आणि राइट क्लिकमधून सेट अ‍ॅज डिफॉल्ट शेप करा. रेघांसाठीही तसंच, वेगळं करावं लागतं.

मराठी नावांचा त्रास वेगळा. नावांचे टेक्स्ट बॉक्स बिनरंगी, बिनकडेचे ठेवा आणि आतले समास शून्य करा, म्हणजे ते रेघा झाकत नाहीत. ओळींमधलं अंतर एक्झॅक्टली असं ठरवलेलं असेल तर वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात. ते सिंगल करा. आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये नावं लिहू नका. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर 'नाभी'च्या जागी भलतीच रोमन अक्षरं उमटतात.

हृदयाचा उभा छेद, फुलाचे भाग, पेशी या आकृत्यांसाठी वर्डशी झुंजू नका. पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या पेनने हाताने काढा, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा, ते चित्र कॅनव्हासच्या आत टाका आणि फक्त नावं व निर्देशरेषा वर्डमध्ये द्या. ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल यावर टिक करून ठेवा, नाहीतर सेव्ह करताना चित्राचा दर्जा घसरतो. बॅटरी, कळ, दिवा, रोध यांची चिन्हं एकदाच काढून वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवा. माझी अशी फाइल आमच्या शाळेतले सगळेच वापरतात.

छपाईला वर्डची फाइल देऊ नका, पीडीएफ द्या. सेव्ह अ‍ॅजमध्येच तो पर्याय आहे. आणि छापणाऱ्याला अ‍ॅक्चुअल साइजवर छापायला सांगा. फिट केलं की पान थोडं लहान होतं, कोन तेच राहतात पण लांबी बदलते. मुलांना पट्टीने मोजून उत्तर द्यायचं असेल तर २ सेंमीचं नाभीय अंतर त्यांच्या पट्टीवर २ येणार नाही. मी पहिली प्रत हातात आली की पट्टी लावून पाहते आणि मगच बाकीच्या काढायला सांगते.