न्यू जर्सीत कुंडीतल्या अंजिराला फेब्रुवारीतच पालवी फुटली आहे, काय करू?

तुमच्या तीन कुंड्या नोव्हेंबरपासून बेसमेंटमध्ये अंधारात आहेत, पाणी तुम्ही जवळजवळ तोडलंय, आणि तरी दोन झाडांचे डोळे फुगलेत, तिसऱ्याला बोटभर पांढुरकी पालवी आली आहे. "उजेड नाही, पाणी नाही, मग झाड जागं झालंच कसं?" असं तुम्ही विचारलंय.

मी मूळचा सासवडकडचा, त्यामुळे ही चूक मीही केली आहे. आपल्याकडे पुरंदरात अंजिराचा बहार धरायचा म्हणजे पाणी तोडून ताण द्यायचा, पानं गळू द्यायची, छाटणी करायची आणि मग पाणी सोडायचं. झाडाची झोप आणि जाग दोन्ही पाण्याच्या हातात. ते डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की इथे आल्यावरही आपण पाणी तोडतो आणि झाड झोपलं असं समजतो. इथे त्याला झोपवते थंडी, आणि जागं करते ऊब. अंधाराचा तर यात फारसा संबंधच नाही. पानं नसलेल्या झाडाला उजेड लागत नाही, एवढाच अंधाराचा अर्थ.

त्यातून अंजिराची झोप मुळातच हलकी. सफरचंदाच्या बहुतेक जातींना कित्येक शे तास थंडी लागते, अंजिराचं थोड्या थंडीवर भागतं. म्हणजे डिसेंबर संपेपर्यंत त्याची झोप पुरी झालेली असते. पुढे ते केवळ गारठ्यामुळे पडून राहतं. तापमान १० अंश सेल्सियसच्या (५० फॅरनहाइट) वर रेंगाळलं की ते उठायला लागतं. तुमच्या बेसमेंटमध्ये फर्नेस (घर तापवायची भट्टी) किंवा वॉटर हीटर असेल तर तिथे १५-१६ अंश सहज असणार. झाडाच्या हिशेबाने वसंत आला.

आता तीन कुंड्यांचे दोन वेगळे उपाय.

ज्यांचे डोळे नुसते फुगलेत, हिरवं टोक जेमतेम दिसतंय, त्या दोन कुंड्या आजच गार जागी हलवा. गरम न केलेलं गॅरेज उत्तम. ० ते ७ अंशांच्या दरम्यान (३२ ते ४५ फॅरनहाइट) वाढ जवळपास थांबते. पूर्ण झोप परत येत नाही, पण महिना-दीड महिना ढकलता येतो, आणि आपल्याला तेवढंच हवंय. गॅरेज शून्याच्या फार खाली जात असेल तर कुंडी थेट सिमेंटवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवा आणि भोवती जुनं ब्लँकेट गुंडाळा. कुंडीतल्या मुळांना फांद्यांपेक्षा थंडी कमी सोसते. मी आईने शिवलेली एक फाटकी गोधडी वापरतो. गोधडी स्वतः ऊब तयार करत नाही, आतलं तापमान पटकन बदलू देत नाही. म्हणजे रात्री मुळं वाचतात आणि मार्चमधल्या एखाद्या उबदार दुपारी झाड गारच राहतं. हा दुसरा उपयोग लोकांच्या लक्षात येत नाही.

तिसऱ्या कुंडीचं मात्र गणित वेगळं. बोटभर पालवी आली म्हणजे झाडाने खोडात साठवलेलं अन्न खर्चायला सुरुवात केली. तिला आता थंडीत टाकलंत तर कोवळे शेंडे एका हिमरात्रीत काळे पडतील, अंधारात ठेवलंत तर पालवी आणखी लांब, पांढरी, दोऱ्यासारखी होत जाईल. सगळ्यात वाईट म्हणजे आहे तिथेच, उबेत आणि अंधारात राहू देणं. तिला घरात दक्षिणेच्या खिडकीत आणा, शक्य असेल तर वर एलईडीचा ग्रो लाइट १२-१४ तास लावा, आणि खोली जरा गारच असू द्या, म्हणजे फुटवे ठेंगणे राहतात. माती बोटभर खोल कोरडी लागली की पाणी द्या, कुंडीखालच्या ताटलीत साचू देऊ नका. खत अजिबात नको. पांढरे फुटवे कापायची घाईही नको. कापलेत की झाड पुन्हा नवे फोडणार, पुन्हा साठा खर्चणार. जुन्या फांदीवर वाटाण्याएवढी फळं आली तर ती बहुतेक गळतील, वाईट वाटून घेऊ नका. मुख्य पीक यंदाच्या नव्या फांदीवर येतं.

मग मार्च येईल. इथला मार्च फसवा असतो. एका वर्षी लागोपाठ चार दिवस टी-शर्टचं हवामान होतं म्हणून मी पालवीसकट दोन्ही झाडं बाहेर काढली. पाचव्या रात्री पारा शून्याखाली गेला. सकाळी शेंडे उकडलेल्या पालकासारखे लोंबत होते. झाडं मेली नाहीत, खालच्या डोळ्यांतून पुन्हा फुटली, पण फळं पिकायला सप्टेंबर संपत आला आणि निम्मी हिरवीच राहिली. तेव्हापासून मी मदर्स डे (मेचा दुसरा रविवार) उलटल्याशिवाय कुंडी रात्री बाहेर ठेवत नाही. दिवसा आणायची, रात्री आत न्यायची ही हमाली करायची तयारी असेल तर एप्रिलपासून करा. घरात वाढलेल्या पानांना मात्र थेट उन्हात ठेवू नका, आठवडाभर आधी सावलीत, मग सकाळच्या उन्हात. नाहीतर पानं भाजतात.

पुढच्या वर्षी कुंड्या इतक्या लवकर आत घेऊ नका. पानं बाहेरच्या थंडीने गळू द्या. एखादं हलकं हिम लागलं तरी झाड सोसतं. थँक्सगिव्हिंगच्या आसपास, म्हणजे नोव्हेंबरअखेर, रात्री सलग गोठायला लागल्या की आत आणा. आमच्या शेजारचे इटालियन आजोबा अंगणातलं अंजीर दोरीने आवळून जुन्या गालिच्यात गुंडाळतात आणि डोक्यावर बादली उपडी घालतात, त्यांच्या वडिलांनी ब्रुकलिनमध्ये केलं तसंच. पहिल्या वर्षी मला वाटलं, झाडाला ऊब देतायत. त्यांना विचारलं तर हसले. म्हणाले, झाडाला एप्रिलपर्यंत काही कळू द्यायचं नाही.

अजून एक, छाटणी करायचीच झाली तर हातमोजे घाला. जागं झालेलं झाड चीक गाळतं, आणि तो कातडीवर राहून ऊन लागलं तर फोड येतात. गॅरेजमध्ये कुंडीच्या उंचीवर कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर ठेवा आणि दोन दिवसांचे आकडे इथेच लिहा. त्यावरून त्या दोन कुंड्यांना गोधडी लागेल की नाही ते सांगता येईल.