घरात रोजच्या वापरासाठी टॉर्च कोणती घ्यावी?

वीज गेल्यावर, जिन्यात, अंगणात वापरायला २००-३०० ल्युमेनची (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप), सेल बदलता येणारी एलईडी टॉर्च घ्या; शक्यतो १८६५० आकाराच्या (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) लिथियम सेलची आणि सी-टाइप चार्जिंगची. मी टॉर्च दुरुस्त करतो. एलईडी क्वचितच जातो, आधी मान टाकते ती बॅटरी. बऱ्याच स्वस्त टॉर्चमध्ये लेड-ॲसिड बॅटरी आतच डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेली असते. ती उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिली, की नीट चार्ज धरत नाही आणि अख्खी टॉर्च भंगारात जाते. खोक्यावरच्या हजारो ल्युमेनना भुलू नका. मंद उजेडाचा मोड आहे ना, ते बघा, रात्री तोच जास्त लागतो. मात्र रात्री शेतात पाणी द्यायला जात असाल, तर मोठ्या रिफ्लेक्टरची, लांब झोत टाकणारीच घ्या.