जिल्ह्यातून किती लोक बाहेर गेले, हे आकड्यांवरून कसं काढायचं?

रत्नागिरीत जन्म मृत्यूंपेक्षा जास्त, तरी लोकसंख्या घटते कशी आणि गेलेली माणसं शोधायची कुठे, असं तुम्ही विचारलंय. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे, २०११च्या जनगणनेत प्रगणक, म्हणजे घरोघरी जाऊन माणसं नोंदवणारा, होतो.

आधी साधी वजाबाकी करा. रत्नागिरीत २००१ला १६,९६,७७७ माणसं होती, २०११ला १६,१५,०६९. म्हणजे ८१,७०८ कमी. जन्म जास्त असूनही एवढी घट, म्हणजे निव्वळ बाहेर गेलेले त्याहून जास्तच. मग स्त्री-पुरुष प्रमाण बघा. २०११ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि ठाण्यात ८८६. कमावता पुरुष कुठून उठला आणि कुठे जाऊन बसला, ते या दोन आकड्यांत दिसतं. सगळे मुंबईतच गेले असं मात्र धरू नका. त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्हाही ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आला. वाढलं ते ठाणे, ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर. (हे जुनं ठाणे, पालघर २०१४ला वेगळा झाला. हद्दी जुळवल्याशिवाय तुलना करू नका.)

कोण कुठून आलं, यासाठी जनगणनेचे स्थलांतराचे तक्ते आहेत: मागचं राहण्याचं ठिकाण, कारण, किती वर्षांपासून. त्यातून लग्न हे कारण आधी बाजूला काढा, नाहीतर सासरी आलेल्या बायकांचाच आकडा सगळं झाकून टाकतो.

पण आमच्याकडचं स्थलांतर या तक्त्यांत नीट सापडत नाही. दिवाळी झाली की मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, ऊसतोडीला निघतात ते गुढीपाडव्याच्या आसपास परततात. २०११ची गणना झाली ९ ते २८ फेब्रुवारीला. या काळात जो पूर्ण वेळ बाहेर, त्याला गावात धरायचं नाही, असा नियम. एका वस्तीवर ओळीने कुलपं होती. एका ओट्यावर म्हातारी नातवाला घेऊन बसलेली. दोघांची नावं लिहून मी उठलो तर म्हणाली, "गुरुजी, पोराचं अन् सुनंचं लिवा की. घर त्यांचंच हाय." मला लिहिता आलं नाही. ती दोघं साखर कारखान्याजवळच्या कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) मोजली गेली असली तर असली.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २००७-०८ला महिना ते सहा महिने कामासाठी बाहेर राहिलेल्यांबद्दल वेगळं विचारलं होतं, पण नमुना सर्वेक्षणातून तालुका हाती लागत नाही. तालुक्यासाठी मी शाळांची हजेरी बघा म्हणेन. ऑक्टोबरची आणि जानेवारीची हजेरी शेजारी शेजारी ठेवा, आणि हंगामी वसतिगृहात किती पोरं आहेत तेही विचारा, कारण ती हजर असतात पण आईबाप गावात नसतात. यातून नेमका आकडा निघत नाही, पण कुठल्या वस्त्या रिकाम्या होतात ते पक्कं कळतं.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ हा दिवस धरून आहे, म्हणजे पुन्हा ऊसतोडीच्या, गळीत हंगामातच. कोप्यांवर जाणाऱ्या प्रगणकाने मागचं गाव आणि इथे आल्याला किती महिने झाले, हे विचारल्याशिवाय उठू नये, असं मला फार मनापासून वाटतं.