वाचकांचे प्रश्न : प्रायव्हेट हायस्कूलमुळे आयव्ही लीग जवळ येते का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी आठवीत आहे. आमच्या गावची पब्लिक स्कूल, म्हणजे सरकारी शाळा, चांगली मानली जाते. परंतु अर्ध्या तासाच्या अंतरावरील एका प्रायव्हेट हायस्कूलने तिला प्रवेश देऊ केला आहे. वर्षाची फी सुमारे ४५,००० डॉलर आहे. शाळेच्या माहितीपत्रकात गेल्या पाच वर्षांतील विद्यार्थी कोणकोणत्या कॉलेजांत गेले याची यादी आहे आणि तीत हार्वर्ड, प्रिन्स्टन, येल, एमआयटी ही नावे वारंवार दिसतात. आमच्या पब्लिक स्कूलमधून वर्षाला जेमतेम एखादा विद्यार्थी तिथवर पोहोचतो. यजमानांच्या मते यादी पाहिल्यावर विचार करण्यासारखे काही उरत नाही. मला तशी खात्री वाटत नाही. आपले मत कळवावे.
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर : यादी खरीच असेल. पण शाळेत कोणती मुले येतात आणि ती कोणाच्या घरची असतात हे ती जितके सांगते, तितके शाळा त्या मुलांना काय देते हे सांगत नाही. आणि आपण फी भरणार आहात ती या दुसऱ्या गोष्टीसाठी.

अशा शाळा एसएसएटी किंवा आयएसईईसारख्या परीक्षांचे गुण, आधीच्या शिक्षकांची पत्रे आणि मुलाखत पाहून मुले निवडून घेतात. आपल्या मुलीचीही निवड तशीच झालेली आहे. चार वर्षांनी त्यांतली काही मुले प्रिन्स्टनला गेली, तर त्यात शाळेचा वाटा किती आणि मुलांच्या मूळच्या तयारीचा किती, हे यादीवरून ठरवता येत नाही. न्यूयॉर्क आणि बॉस्टन येथील प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या सरकारी शाळांच्या बाबतीत अर्थशास्त्रज्ञांनी हे ठरवण्याचा प्रयत्न केला. कटऑफच्या किंचित वर राहिल्यामुळे ज्यांना प्रवेश मिळाला आणि किंचित खाली राहिल्यामुळे ज्यांचा हुकला, अशा जवळजवळ सारख्याच मुलांची त्यांनी तुलना केली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा दोन अभ्यासांत परीक्षांमधील गुणांवर शाळेचा फारसा परिणाम आढळला नाही. न्यूयॉर्कच्या स्टायव्हसंटसारख्या शाळांबाबत कॉलेजप्रवेशावरही तो दिसला नाही. या शाळा प्रायव्हेट नाहीत आणि हा निष्कर्ष काठावरच्या मुलांपुरता आहे, हे मान्य करूनही यादीवर भिस्त ठेवणाऱ्याने तो लक्षात घ्यावा असे मला वाटते.

आता 'कोणाच्या घरची' हा भाग. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी २०२३ मध्ये आयव्ही लीगची, म्हणजे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांसारखी जुनी व नामांकित, आठ कॉलेजे आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक व शिकागो अशा बारा संस्थांच्या प्रवेशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एसएटी किंवा एसीटी या कॉलेजप्रवेशासाठीच्या परीक्षांचे गुण सारखे असले, तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का कुटुंबांतील मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात या संस्थांत जातात, असे त्यांना दिसले. प्रवेशाच्या टप्प्यावर याची तीन कारणे त्यांनी दाखवली : आईवडील तिथलेच माजी विद्यार्थी असल्याने मिळणारे लेगसीचे झुकते माप, खेळाडूंची थेट भरती, आणि अभ्यासाव्यतिरिक्तच्या बाबींना मिळणारे गुण. हार्वर्डविरुद्धच्या ज्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला, त्यातून बाहेर आलेल्या आकडेवारीनुसार प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक मुले खेळाडू, लेगसी, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले किंवा डीनच्या खास यादीतील (बहुधा देणगीदारांशी संबंधित) होती; आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांत हे प्रमाण १६ टक्क्यांपेक्षा कमी होते. शाळेच्या यादीतील हार्वर्डच्या नावामागे यांपैकी काय होते, हे छापलेले नसते. ज्यांचे शिक्षण भारतात झाले आणि जे नोकरीनिमित्त अमेरिकेत आले, अशा पालकांच्या मुलीला लेगसी नाही. ती रोइंग किंवा स्क्वॉशमध्ये राष्ट्रीय पातळीवर खेळत नसेल, तर यादीचा बराचसा भाग तिच्यासाठी नाहीच.

एवढे सांगितल्यावर शाळेची बाजूही मांडायला हवी, कारण ती पोकळ नाही. वर उल्लेखिलेल्या तिसऱ्या कारणात प्रायव्हेट शाळांचा हात आहे, असे त्याच अभ्यासात आढळले : तिथल्या मुलांना उपक्रम, व्यक्तिमत्त्व आणि शिफारसपत्रे यांत अधिक गुण मिळतात. याचे कारण समजण्यासारखे आहे. एका कौन्सेलरकडे, म्हणजे विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या शाळेच्या सल्लागाराकडे, २५० पेक्षा जास्त विद्यार्थी असू नयेत, अशी कौन्सेलरांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे. देशाची सरासरी मात्र ३५० च्या वर आहे आणि मोठ्या पब्लिक स्कूलमध्ये त्याच व्यक्तीकडे वेळापत्रक, गैरहजेरी आणि मुलांच्या घरच्या अडचणी हेही सगळे असते. चांगल्या प्रायव्हेट शाळेत कॉलेजप्रवेशासाठी वेगळे कौन्सेलर असतात आणि त्यांच्याकडे तीस-चाळीस मुले असतात. 'मेहनती व गुणी विद्यार्थिनी' एवढेच म्हणणारे पत्र, आणि या मुलीने दहावीत रसायनशास्त्राचा एक प्रयोग फसल्यावर तो स्वतःहून तीनदा करून त्रुटी कशी शोधली हे सांगणारे पत्र, यांचा वाचणाऱ्यावर होणारा परिणाम सारखा कसा असेल? हे दुसरे पत्र मुलीला ओळखणारी व्यक्तीच लिहू शकते.

पण याच ठिकाणी दुसरी बाजू सुरू होते. कॉलेजे एका शाळेचे अर्ज सहसा एकत्र वाचतात. नव्वद मुलांच्या वर्गातील तीस मुले त्याच सहा कॉलेजांना अर्ज करत असतील, तर आपल्या मुलीची पहिली तुलना त्यांच्याशी होते. गावच्या शाळेत जी पहिल्या पाचांत असती, ती तिथे मधल्या तिसऱ्या भागात असू शकते, आणि त्याचा प्रवेशावर होणारा परिणाम चांगल्या कौन्सेलरच्या पत्राने भरून निघेलच असे नाही.

म्हणून शाळेला भेट द्याल तेव्हा थेट विचारा : यादीत नावे प्रवेश मिळालेल्या कॉलेजांची आहेत की प्रत्यक्ष दाखल झालेल्यांची? एकाच मुलाला पाच ठिकाणी प्रवेश मिळाला, तर पहिल्या प्रकारच्या यादीत त्याची पाच नावे होतात. लेगसी आणि खेळाडू वगळून किती उरतात? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर्गातील मधल्या क्रमांकाची मुले कुठे गेली? या शेवटच्या प्रश्नाला कौन्सेलर मोकळेपणाने उत्तर देतात की विषय बदलतात, यावरून मी शाळेबद्दल बरेच ठरवीन. त्यानंतर मुलीला एक दिवस नववीच्या वर्गात बसू द्या आणि शिक्षकांनी तपासून परत दिलेला एखादा निबंध पाहायला मागा. समासात वाक्यावाक्याशी घातलेला वाद दिसतो की खाली नुसता 'छान' असा शेरा, हे माहितीपत्रकाच्या चाळीस पानांपेक्षा अधिक बोलके असते.

पैशांचेही स्पष्ट सांगतो. चार वर्षांचे १,८०,००० डॉलर म्हणजे आज अशा कॉलेजातील राहण्या-जेवणासह सुमारे दोन वर्षांचा संपूर्ण खर्च. निवृत्तीची बचत न मोडता आणि कर्ज न काढता हे जमत असेल आणि तो निबंध पाहून आपले मन भरले असेल, तर मुलीला अवश्य पाठवा. तिथली चार वर्षे तिला खूप काही देतील. केवळ यादीसाठी पाठवू नका.

प्रश्न : आम्ही ऑस्टिनजवळ राहतो. मुलगा एका प्रायव्हेट शाळेत दहावीत असून साधारण बी प्लस मिळवतो. पब्लिक स्कूलमध्ये हलवल्यास त्याचा क्रमांक वर येऊन टेक्सस विद्यापीठात हमखास प्रवेश मिळेल, असे मित्र सांगतात. हलवावे का?
— एक वडील, टेक्सस

उत्तर : मित्र ज्या कायद्याविषयी बोलत आहेत, तो १९९७ चा आहे. त्यानुसार वर्गातील वरच्या दहा टक्के मुलांना राज्याच्या विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो. मात्र ऑस्टिन येथील विद्यापीठाला ही मर्यादा कमी करण्याची मुभा आहे. ती बराच काळ सहा टक्के होती आणि २०२६ च्या प्रवेशांपासून पाच टक्के झाली आहे. कायदा मान्यताप्राप्त प्रायव्हेट शाळांनाही लागू आहे, पण त्यांतल्या अनेक शाळा क्रमांक काढतच नाहीत.

मुलाला हलवण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा. बाहेरून आलेल्या मुलाचे आधीचे गुण क्रमांकात कसे धरायचे, याचे नियम प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टचे, म्हणजे स्थानिक शाळा चालवणाऱ्या मंडळाचे, वेगळे आहेत. त्यामुळे पाच टक्क्यांत येण्याची आशा कागदावरच राहू शकते. शिवाय आपोआप मिळणारा प्रवेश विद्यापीठात असतो, हव्या त्या शाखेत नाही. कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंगसाठी स्वतंत्र चुरस असते आणि तिथे पहिल्या पाच टक्क्यांतली मुलेही मागे राहतात. बी प्लस मिळवणारा मुलगा मोठ्या शाळेत पहिल्या पाच टक्क्यांत येईल, हे मला अवघड वाटते. त्याला सध्याच्या शाळेत शिकणे आवडत असेल, तर दहावीनंतर त्याचे शिक्षक आणि मित्र तोडू नयेत. आवडत नसेल, तर मात्र हलवण्याला ते एक कारण पुरेसे आहे.

प्रश्न : मुलीला मिळालेल्या प्रायव्हेट शाळेत एपीचे (हायस्कूलमध्येच घेता येणारे कॉलेजच्या पातळीचे) कोर्स नाहीत. त्यामुळे ती मागे पडेल का?
— एक पालक, मेरीलँड

उत्तर : कॉलेजप्रवेशात नाही. प्रत्येक शाळा अर्जांबरोबर आपली माहिती देणारे स्कूल प्रोफाइल पाठवते आणि विद्यार्थ्याने घेतलेले कोर्स शाळेत जे उपलब्ध होते त्याच्याशी ताडून पाहिले जातात. आपल्याच परिसरात वॉशिंग्टनजवळच्या आठ प्रायव्हेट शाळांनी, त्यांत सिडवेल फ्रेंड्सही होती, एपी बंद करण्याचे २०१८ मध्ये एकत्रितपणे जाहीर केले होते. खरा प्रश्न हा, की एपीच्या जागी शाळा गणित आणि विज्ञानात पुढचे काय शिकवते. बारावीचा अभ्यासक्रम मागवून तो पाहा. मुलगी राज्य विद्यापीठात जाण्याची शक्यता असेल, तर एपीच्या गुणांवर तिथे क्रेडिट मिळून फी वाचू शकते, आणि कोर्स न घेताही ती परीक्षा देता येते. त्यासाठी जवळची कोणती शाळा बाहेरच्या विद्यार्थ्यांना बसू देते, हे सप्टेंबरमध्येच विचारून ठेवा. मेमधल्या परीक्षेची नोंदणी आदल्या वर्षाच्या नोव्हेंबरच्या सुमारास बंद होते.