कार्ड घेतलं, पॉवर सप्लाय जुनाच चालेल का?

प्रश्न : दादा, गेमिंगसाठी आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड घेतोय. मॉनिटर १०८०पी (फुल एचडी) आहे. दुकानदार म्हणतो, कॉम्प्युटरमधला जुना, बिनकंपनीचा ३५० वॅटचा पॉवर सप्लाय चालेल. घेऊ का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : कार्ड घे, पण त्या पॉवर सप्लायवर अजिबात नको. ४०६० स्वतः ११५ वॅटच खातं, हे खरं. तरी कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हीडिया कंपनीची शिफारस ५५० वॅटची आहे, कारण त्यात प्रोसेसर आणि बाकी सगळं धरलेलं असतं. चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा घे, ‘८० प्लस ब्रॉन्झ’ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) लिहिलेला. माझं स्पष्ट मत आहे, पैसे कमी पडले तर शोभेचे रंगीत आरजीबी दिवे सोड, यात काटकसर करू नकोस.

दुसरं, आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि कार्ड खोलीतलीच हवा ओढतं. पुढे काच असलेली कॅबिनेट दिसायला देखणी, पण हवा कोंडते. जाळीचीच घे; पुढे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा. कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये बसते का, तेही आधी मोजून बघ.

रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या लाव, एकच १६ची नको; दोन असल्या की एकत्र जास्त वेगाने चालतात. मॉनिटर बदलायची घाई नको, १०८०पीला हे कार्ड छान पुरतं.